शब्द कुठे हरवले? भजनाचे ध्वनिमुद्रण आणि माइकचा कान



गेल्या कार्तिकी एकादशीच्या भजनाचे ध्वनिमुद्रण आपण घरी असलेल्या ज्येष्ठ सभासदांना पाठवले होते. ज्यांना जिना चढवत नाही, ज्यांना इथल्या थंडीत संध्याकाळी बाहेर पडता येत नाही, त्यांच्यापर्यंत मंदिरातले भजन पोहोचावे एवढाच हेतू होता. दोन दिवसांनी एका आजींचा फोन आला. म्हणाल्या, "टाळ ऐकला रे बाळा, पेटीही ऐकली. अभंग कोणता ते चालीवरून ओळखलं. पण शब्द काही लागले नाहीत. माझ्या कानांचाच दोष असेल."

कानांचा दोष थोडा असेल, पण माझा जास्त होता. त्या दिवशी माइक मीच लावला होता. मी त्यांना आवाज वाढवून ऐकायला सांगितले. त्यांनी वाढवला, तर टाळ कानाला टोचू लागला आणि शब्द होते तिथेच राहिले. तेव्हा लक्षात आले की आवाज पुरेसा होता, पण त्यातला कोणता भाग किती आला याचे गणित चुकले होते. या गणिताला इंग्रजीत 'फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स' म्हणतात. नाव अवघड वाटले तरी पेटीवर कधी बोट ठेवलेल्या कोणालाही ते कळेल. म्हणून हा लेख.

सूर आणि आकडे

आवाज म्हणजे हवेतले कंपन. एका सेकंदात किती कंपने होतात तो आकडा हर्ट्झमध्ये सांगतात. आकडा लहान तर सूर खालचा, मोठा तर सूर वरचा. एक सप्तक वर गेले की आकडा दुप्पट होतो. तरुण, निरोगी कानाला ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते.

आता आपले भजनी मंडळ या पट्टीवर बसवून पाहू. बुवांनी काळी एकचा षड्ज धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ. आपल्या महिला मंडळाची पट्टी काळी चार किंवा काळी पाच, म्हणजे षड्ज सुमारे २०८ किंवा २३३. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तिथला घुमारा शंभराच्या आसपास आणि त्याखालीही जातो. टाळांचा किणकिणाट बहुतांशी काही हजारांच्या वर असतो.

पण कोणताही सूर एकटा येत नाही. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की ज्यांचा कान तयार आहे त्यांना तिच्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो. काळी एकला लावलेला खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा, आणि तो गंधार त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३४६. अशी दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपने प्रत्येक सुरात कमीजास्त प्रमाणात मिसळलेली असतात. पेटीचा षड्ज आणि गळ्याचा षड्ज एकच असूनही वेगळे ओळखू येतात ते या मिश्रणामुळे. आपल्या शाई लावलेल्या चर्मवाद्यांतही असे सुरेल मिश्रण असते. सी. व्ही. रामन यांनी ते १९२० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिले होते. म्हणजे पखवाज नीट यायला हवा असेल तर नुसता घुमारा येऊन भागत नाही, त्याच्या वरचा भागही यावा लागतो.

आणि शब्द? 'आ', 'ओ', 'ऊ' असे स्वर खालच्या आणि मधल्या भागात असतात. त्यांच्यात जोर असतो, म्हणून ते दूरवर पोहोचतात. व्यंजने मात्र वर बसतात. 'ट', 'च' यांची ओळख पटते ती दोन हजारांच्या वर. 'श' अडीच-तीन हजारांपासून सुरू होतो. 'स' तर चार-पाच हजारांपासून आठ हजारांपर्यंत आणि त्याच्याही पुढे सळसळतो. 'वाट', 'वास', 'वाच' हे तीन शब्द घ्या. वरचा भाग काढून टाकला की तिन्ही ठिकाणी नुसता 'वा' उरतो.

वयाबरोबर कानाची शक्ती जाते तीही आधी वरच्या भागातली. त्यामुळे आजोबांना माणूस बोलतोय हे कळते, पण काय बोलतोय ते कळत नाही. ध्वनिमुद्रणात व्यंजने आधीच क्षीण झाली असतील, तर अशा कानापर्यंत शब्द पोहोचणारच नाही.

पंगतीतला वाढपी

महाप्रसादाची पंगत डोळ्यांपुढे आणा. चांगला वाढपी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखेच वाढतो. दुसरा एखादा मधल्या लोकांना दोन डाव जास्त वाढतो आणि टोकाच्या पानांवर नुसता डाव टेकवून पुढे जातो. माइकही असाच वाढपी आहे. खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांना तो किती किती न्याय देतो, हे दाखवणारी रेषा म्हणजे त्याचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स.

ही रेषा माइकसोबतच्या कागदावर छापलेली असते. आडव्या बाजूला २० पासून २०,००० पर्यंत हर्ट्झ असतात, आणि पेटीवर जसे प्रत्येक सप्तक सारख्याच रुंदीचे, तसे इथेही प्रत्येक दुपटीला सारखीच जागा असते. उभ्या बाजूला डेसिबल असतात. रेषा सपाट असेल तर वाढपी सर्वांना सारखे वाढतो. वर चढली तर त्या भागाला जास्त, खाली उतरली तर कमी.

खोक्यावरचे दोन आकडे

दुकानात माइकच्या खोक्यावर '५० ते १५,००० हर्ट्झ' असे काहीतरी लिहिलेले असते. दोन माइकवर हेच आकडे असू शकतात आणि तरीही दोघांचा आवाज अगदी वेगळा येऊ शकतो. कारण हे आकडे पंगत कुठून कुठपर्यंत बसली आहे एवढेच सांगतात. कोणाच्या पानात किती पडले ते रेषा पाहिल्याशिवाय कळत नाही. आकड्यांपुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' असे लिहिलेले असेल तर माहिती जरा पूर्ण होते. त्याचा अर्थ, या टप्प्यात कोणताही सूर ठरलेल्या पातळीपेक्षा ३ डेसिबलहून जास्त वर किंवा खाली जात नाही. ३ डेसिबल म्हणजे ध्वनीची शक्ती दुप्पट किंवा निम्मी, आणि साधारण १० डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

रेषा सपाट नसणे हा नेहमी दोषच असतो असेही नाही. जगभर रंगमंचावर दिसणारा शुअर कंपनीचा एसएम-५८ हा माइक १९६६ पासून बाजारात आहे. त्याचा टप्पा ५० ते १५,००० हर्ट्झ. त्याची रेषा खालच्या टोकाला मुद्दाम उतरती ठेवली आहे आणि तीन-चार हजारांच्या पुढे ती काही डेसिबल वर चढते. गायक हा माइक ओठांजवळ धरणार हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरले होते. वरचा चढ व्यंजने स्पष्ट करतो. खालचा उतार का ठेवला, ते पुढे पाहू. ज्या कामासाठी हा माइक केला, त्या कामात त्याची रेषा बरोबरच आहे.

जवळ, दूर आणि बाजूला

आता माझी चूक सांगतो. आपला माइक वेगळ्या नावाचा, पण त्याच वळणाचा, हातात धरून गाण्याचा. मी तो स्टँडवर लावून मंडळाच्या मध्यभागी ठेवला. सर्वांचा आवाज सारखा यावा असा माझा भाबडा विचार. त्यात तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली गोष्ट अंतराची. अशा एका दिशेने ऐकणाऱ्या माइकच्या अगदी जवळ तोंड नेले की खालचे सूर फुगतात आणि आवाज भारदस्त होतो. रेडिओवरच्या निवेदकांचा आवाज आठवा. खालचा उतार ठेवलेला असतो तो या फुगवट्यासाठी. माइक चार फूट दूर ठेवला की फुगवटा जातो आणि उतार तेवढा उरतो. म्हणून बुवांचा भरदार आवाज पातळ आला आणि पखवाज पोकळ वाजला.

दुसरी गोष्ट टाळांची. व्यंजनांसाठी ठेवलेला चढ टाळांच्याही कामी येतो, कारण दोघांची वस्ती एकाच भागात. त्यातून माणसाचा कान दोन ते पाच हजारांच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतो. टाळकरी माइकच्या अगदी समोर होते. टाळाखाली 'स' आणि 'च' झाकले गेले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. कागदावरची ती रेषा माइकच्या थेट समोरून येणाऱ्या आवाजाची असते. बाजूने येणाऱ्या आवाजाला बहुतेक माइक वेगळी वागणूक देतात, आणि सहसा वरचे सूर आधी कमी होतात. बुवा बसले होते माइकच्या बाजूला. म्हणजे ज्यांचे शब्द हवे होते त्यांचीच व्यंजने गळाली.

माइक चांगला होता आणि बुवा सुरात होते. जागा चुकली होती.

भोंग्यापासून फोनपर्यंत

वरचे सूर गेले की काय होते याचा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाने घेतला आहे. जुना टेलिफोन फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ पोहोचवायचा. म्हणूनच बँकेत फोनवर आडनाव सांगताना 'एफ' आणि 'एस'चा घोळ व्हायचा आणि "एस फॉर शुगर" असे सांगावे लागायचे.

त्याही आधी माइकच नव्हता. गायक एका भोंग्यात तोंड घालून गात आणि त्या आवाजाच्याच जोरावर सुई तबकडी कोरत असे. त्यात ढोबळमानाने अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढेच मावत असे. १९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि माइकचा जमाना सुरू झाला. मिरजेच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या सुरुवातीच्या तबकड्या भोंग्यासमोर झालेल्या आणि १९३०च्या दशकातल्या माइकसमोर झालेल्या आहेत. दोन्ही लागोपाठ ऐका. गाणारा तोच, पण दुसऱ्या वेळी जणू मधला पडदा दूर झाला आहे. पहिल्या तबकड्या आज कितीही उत्तम यंत्रावर वाजवल्या तरी तो पडदा दूर होत नाही. जे आत आलेच नाही, ते नंतर कोणालाही काढून देता येत नाही.

हे लिहिताना मन जड होते. आपल्या मंडळातले एक ज्येष्ठ बुवा आता आपल्यात नाहीत. त्यांच्या गाण्याचे एकच ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे, तेही एका कोपऱ्यात ठेवलेल्या फोनवर केलेले. संगणकावर वरचा भाग वाढवून पाहिला. खरखर वाढली, टाळ वाढला, बुवा मागेच राहिले.

फोनबद्दलही दोन शब्द. फोनचा माइक वाईट नसतो, पण फोन आणि व्हिडिओ कॉलची ॲप बोलण्यासाठी बेतलेली असतात. सतत चालणाऱ्या एकसारख्या आवाजाला ती गोंगाट समजतात आणि दाबून टाकतात. आपला तानपुरा नेमका असाच सतत चालणारा आवाज! झूमवरून भजन दाखवायचे असेल तर त्यात 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' अशी सोय आहे, ती आधी चालू करावी.

या वेळी काय केले

मागच्या महिन्याच्या एकादशीला आम्ही मांडणी बदलली. बुवांसाठी तोच जुना माइक वापरला, पण तोंडापासून एक वीतभर अंतरावर, हनुवटीच्या जरा खाली आणि थेट त्यांच्याकडे वळवून. अशा माइकची पाठ बरीच बहिरी असते, म्हणून त्याची पाठ टाळकऱ्यांकडे केली आणि टाळकऱ्यांना चार पावले मागे बसवले. त्यांनी ते आनंदाने मान्य केले, याबद्दल त्यांचे आभार.

पूर्ण मंडळासाठी एका सभासदांकडून सपाट रेषेचे दोन लहान कंडेन्सर माइक उसने आणले. या माइकना मिक्सरमधून ४८ व्होल्टचा वीजपुरवठा द्यावा लागतो, त्याचे बटण चालू आहे की नाही ते आधी पाहावे. ते सात फुटांवर, बसलेल्यांच्या डोक्यांपेक्षा उंच लावले. बुवांच्या माइकवर खालचा भाग कापण्याचे बटण दाबले. त्यामुळे हीटरची घरघर आणि पायांची धडधड गेली. मंडळाच्या माइकवर मात्र ते बटण दाबले नाही, नाहीतर पखवाजाचा घुमाराही कापला गेला असता.

सुरू करण्यापूर्वी एकाने बुवांच्या जागी बसून 'वाट, वास, वाच' म्हटले. मिनिटभर मुद्रण करून ते हेडफोनवर ऐकले आणि मग साध्या फोनवर, आवाज लहान ठेवून ऐकले. तिन्ही शब्द वेगळे कळले, तेव्हाच पुढे गेलो. ही चाचणी कोणत्याही घरगुती भजनातही करता येईल.

मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे जपून ठेवले आहे. त्याची दुसरी प्रत ज्येष्ठांसाठी केली. तिच्यात बुवांचा आवाज थोडा पुढे घेतला आणि दोन ते चार हजारांचा भाग किंचित उचलला. ती प्रत आजींना पाठवली. त्यांचा फोन आला, "पहिल्या दोन अभंगांतला शब्दन् शब्द कळला. तिसऱ्यात तुमचे टाळकरी पुन्हा रंगात आले." तिसऱ्या अभंगाला सगळेच उभे राहिले होते आणि नाचत पुढे आले होते. त्याला इलाज नाही, आणि तो असूही नये!

घरी ऐकताना

फोनच्या लहानशा स्पीकरमधून पखवाजाचा घुमारा येऊच शकत नाही. शक्य असेल तर हेडफोन किंवा बरा स्पीकर वापरा. शब्द कळत नसतील तर नुसता आवाज वाढवण्याआधी नातवंडांना 'ट्रेबल' थोडे वाढवून द्यायला सांगा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की अनेक यंत्रांत 'टी' ही सोय असते. सभागृहात हिअरिंग लूप असेल तर तिच्यामुळे माइकचा आवाज थेट यंत्रात येतो, मधला गोंगाट येत नाही. लूपने १०० ते ५००० हर्ट्झपर्यंत सारखा आवाज पोहोचवावा असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. बहुतेक शब्द कळायला तेवढे पुरते. आपल्या यंत्रात 'टी' आहे का, हे तपासणीच्या वेळी जरूर विचारा.

आणि ज्यांनी अजून कान तपासून घेतले नाहीत, त्यांनी संकोच सोडावा. चष्मा लावताना आपण लाजत नाही. आपल्या डॉक्टरांकडे बोला. एनएचएसकडून मिळणारी श्रवणयंत्रे आणि त्यांच्या बॅटऱ्या यांना पैसे पडत नाहीत. "माझ्याच कानांचा दोष" म्हणून गप्प बसलेली माणसे हळूहळू बोलणे सोडतात, मग येणे सोडतात. असे आपल्यात कोणाचे होऊ नये.

विनंती

ज्येष्ठ सेवा निधीतून तीन कामे करायची आहेत. उसने आणलेल्या दोन माइकऐवजी स्वतःचे दोन माइक व स्टँड घेणे, सभागृहात लूप बसवणे, आणि घरी असलेल्या सभासदांना दर महिन्याला ध्वनिमुद्रण पोहोचवणे. आपण यथाशक्ती मदत करावी. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांनी 'गिफ्ट एड'चा अर्ज भरून दिला, तर आपल्या प्रत्येक १ पौंडामागे सरकारकडून संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात. अर्ज कार्यालयात ठेवले आहेत.

पैशांखेरीज वेळही हवा आहे. कोणी गाडीने ध्वनिमुद्रण घेऊन जावे, आजी-आजोबांना ते लावून द्यावे, दहा मिनिटे शेजारी बसून ऐकावे.

शेवटची विनंती मंडळातल्या ज्येष्ठ गायक-गायिकांना. "आता आवाज कुठे राहिलाय" असे म्हणू नका. आपल्या आईकडून, आजीकडून शिकलेल्या चाली आपल्यापाशी आहेत. एक शांत दुपार आम्हाला द्या. खोली आम्ही लावू, माइक एका वितीवर ठेवू, टाळ दूर ठेवू. तुमचे शब्द तुमच्या पतवंडांनाही नीट कळावेत, एवढी काळजी आम्ही घेऊ.

आपला,
ध्वनिव्यवस्था पाहणारा एक सेवेकरी